सात वारांचे सात मासे

“…सोमवारचा पांढरा, मंगळवारचा लाल, असं करत करत शनिवारचा हा काळा आणि रविवारचा केशरी. झाले सात. आता तुम्हीच सांगा बाबा, माझं चुकतं कुठे?”

कालिंदीबाई पांढरीपांड्यांनी वही पुढे सरकवली.

मंगरूबाबांनी वही घेतली नाही. ते तलावाकडे पाहत होते.

पोळा उलटला होता. ऋषिपंचमी तोंडावर आली होती. भंडाऱ्याकडच्या त्या जुन्या मालगुजारी तलावाच्या काठी धिवरांची वीस-पंचवीस घरं. कालिंदीबाई दर वर्षी याच सुमाराला गावातून तिथे यायच्या, पंचमीच्या व्रताचा देवभात न्यायला. या वर्षी पिशवीबरोबर वहीही आणली होती.

बाबा धिवरांतलेच. उभा जन्म जाळं टाकण्यात गेला. मग एके दिवशी त्यांनी जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं, ते पुन्हा काढलं नाही. का, ते फारसं कोणी विचारलं नाही. ज्याने विचारलं, त्याला उत्तर मिळालं नाही. तेव्हापासून ते काठावरच्या आंब्याखाली बसत. शेजारी एक काचेची पेटी असे. हातभर लांब, एक कोपरा तडकलेला, डांबराने सांधलेला. आत हिरवट पाणी, गवत आणि मासोळ्या.

लोक त्यांच्याकडे येत. कोणी लेकराचं विचारायला, कोणी मनाचं. मासे कसे पाळावेत हे विचारायला आजवर कोणी आलं नव्हतं.

“सातच काहून?” बाबांनी विचारलं.

“सात वार ना! सासूबाईंच्या डोळ्यांसमोर रोज त्या त्या वाराचा रंग यावा. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा… तेवढंच त्यांना देवदर्शन.”

“आन् मासोळ्याइले आपापला वार ठाऊक हाये?”

पलीकडे सगुणा सुपात गेल्या सालचा देवभात पाखडत होती. बाबांच्या शेजारघरची, तोंडाची फटकळ. ती खुदकन हसली.

कालिंदीबाईंना हसू आलं नाही.

सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन दीड वर्ष झालं होतं. वाचा गेली, उजवी बाजू गेली. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांसमोर काही हलतं-चालतं ठेवून पाहा. म्हणून काचेची पेटी आली, मासे आले. आणि सासूबाईंनी कूस बदलली! मासे खायला वर आले की त्याही तोंड उघडायच्या. मासोळीचा एक घास, त्यांचा एक घास.

पंधरा दिवसांत मासे मेले.

सासूबाई भिंतीकडे वळल्या.

दुसऱ्यांदा आणले, तेही गेले. तिसऱ्यांदा आठ आणले. त्यांतला एक पिवळा तेवढा उरला होता, आणि दोन दिवसांत सासूबाईंच्या पोटात चार चमचे पेज गेली होती. चारच.

“म्हणून या खेपेला सगळं आखून करायचं ठरवलंय,” कालिंदीबाई म्हणाल्या. “लाल शाईने मासे लिहिलेत, हिरव्या शाईने झाडं. आता चुकायला नको, बाबा. आता चुकलं तर…”



“पेटीची निगा कोन राखते?”

“मीच. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.” कालिंदीबाईंची मान जराशी वर झाली. “दर सोमवारी सगळं पाणी काढून टाकते. खडे चिंचेने घासते, देवाच्या भांड्यांसारखे. आत पाणी गाळणारा स्पंज असतो ना, तो उकळत्या पाण्यातून काढते. मग तांब्याच्या घागरीत मुरवलेलं पाणी भरते. काच इतकी लख्ख की मध्ये काच आहे हे कळू नये. माझ्या घरात बाबा, लोणच्याला कधी बुरशी धरली नाही. वर्ष वर्ष टिकतं.”

“टिकते ते लोणचं,” बाबा म्हणाले. “जगते ते येगळं.”

“बाबा, जपून बरं!” सगुणा सुपाआडून म्हणाली. “या बाईइच्या मनात आलं त तलावसुदा घासून काढतीन.”

“तू भात पाखड.”

“पाखडतोच हावो.”

बाबांनी आता वहीसाठी हात पुढे केला. त्यांना वाचता येत नव्हतं. पण कालिंदीबाईंनी प्रत्येक नावाशेजारी दुकानातल्या कागदावरचं चित्र कापून चिकटवलं होतं, कडा कशा अगदी सरळ. बाबांचं बोट एका चित्रापाशी थांबलं. माशाच्या तोंडावर.

“याचं तोंड पाहा. वर हाये. हा पान्यावरचं टिपून खाते. याचं तोंड खाली, मिशाबी हायेत. हा तळ चाटते. आन् याचं समोर. हा मधात फिरते.”

“त्याचं नाव काय आहे, सांगू का—”

“नाव मानसानं ठेवलं, माय. तोंड कोनं ठेवलं?”

कालिंदीबाई पाहत राहिल्या. ती चित्रं त्यांनी शंभरदा पाहिली असतील. कापताना, चिकटवताना, रात्री झोपण्यापूर्वी. रंग पाहिला होता. तोंड पाहिलंच नव्हतं.

“हा पांढरा पंखवाला,” बाबांचं बोट पुढे सरकलं. “दुकानात बोराएवढा दिसन. वाढला का तळहाताएवढा. तुमच्या पेटीत त्याले वळाले जागा पुरनार नाही. हा लाल, तोंड पाहा केवढं! शेजारचा तोंडात मावला का गिळला. आन् हे बारके, निळ्या पट्ट्याचे… हे मेळ्यानं राहतेत. सहा-आठ असले त खेळतेत. एकटा आनला त गवताआड दडून दडून मरते.”

“मी तर एकेकच लिहिलाय.”

“हो. सात गावचे सात पाहुने, एका खोलीत. कोनाची कोनाशी सोयरीक नाही.”

कालिंदीबाईंनी पदराने कपाळ टिपलं. ऊन फारसं नव्हतं.

“आन् हिरव्या शाईत काय हाये?”

“कमळं. दोन. प्लास्टिकची.” मग जरा घाईने, “सडत नाहीत, बाबा. पाणी नासत नाही. धुतली की नवी.”



 

“घरी दही लावता?” बाबांनी विचारलं.

“रोज.”

“दूध उकळता?”

“उकळल्याशिवाय कसं?”

“मंग उकळलं, निवलं, झाकून ठेवलं. सकाळी झालं दही?”

“अहो, विरजण नको का घालायला!”

“कायचं?”

“कालच्याच दह्याचं. चमचाभर पुरतं.”

“आन् कालचं सारं दही खाऊन, भांडं घासून, चमचाबी उकळून घेतला त?”

 

दर सोमवारचा तो उकळता स्पंज कालिंदीबाईंच्या डोळ्यांपुढे आला असावा. कारण त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

बाबांनी बाही सारली. पेटीत कोपरापर्यंत हात घातला. मासोळ्या पळाल्या नाहीत. हाताच्या बाजूने सरकल्या, जशी घरातली माणसं वाटेतल्या पाटाला वळसा घालतात. बाबांनी तळातून गाळ उचलला. काळाशार, ओंजळभर. त्यात लांब पट्ट्यांचं गवत मुळांसकट आलं. तो गळता हात त्यांनी कालिंदीबाईंपुढे धरला.

“हे न्या.”

कालिंदीबाई पावलभर मागे सरल्या.

“हा चिखल? सासूबाईंच्या उशाशी? बाबा, पलीकडच्याच खोलीत देवघर आहे आमचं. मी पाणीसुद्धा बाहेरचं पीत नाही.” हातातला झाकणाचा तांब्या त्यांनी नकळत वर धरला, पुरावा दाखवावा तसा.

बाबांचा हात तसाच राहिला. मनगटावरून काळं पाणी ओघळत होतं.

“पंचमीले काय खाता, माय?”

“देवभात.”

“साधा भात काहून नाही?”

हे तर लहानपणापासून तोंडपाठ. “त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगरलेलं, पेरलेलं काही चालत नाही. देवभात आपला आपण उगवतो. त्याच्याइतकं शुद्ध धान्य दुसरं नाही.”

“कोठी उगवते?”

सगुणाचं सूप थांबलं.

कालिंदीबाईंनी मान वळवली. इतकी वर्षं त्या इथे येत होत्या. आंब्यापर्यंत यायच्या, पिशवी घ्यायच्या आणि पाय न भिजवता परत फिरायच्या. आज पहिल्यांदा त्यांनी काठाच्या पलीकडे नीट पाहिलं. म्हशी बसल्या होत्या. म्हशींच्या पाठींवर बगळे होते. पाणी कुठलं, गाळ कुठला, सांगता येत नव्हतं. आणि त्या गाळात, म्हशींच्या नाकाशी, हिरव्या ताटांचं रान उभं होतं. कोवळ्या कुसळांवर दहिवर होतं. दर थेंबात सूर्य होता.

कोणी नांगरलं नव्हतं. कोणी पेरलं नव्हतं. कोणी घासलं तर नव्हतंच.



त्यांनी तांब्याचं झाकण काढलं आणि तांब्या पुढे केला. “यात द्या.”

बाबांनी नकारार्थी मान हलवली. मोकळ्या हाताने तांब्या घेऊन आतलं पाणी आंब्याच्या मुळाशी ओतलं. “तांबं मानसाले चांगलं. मासोळीच्या कल्ल्याले सोसत नाही.”

सगुणा उठली, घरात गेली आणि मातीचं एक लहान मडकं घेऊन आली. काही बोलली नाही, हेच नवल.

“आता धरा.”

कालिंदीबाईंनी पदर खोचला. दोन्ही तळवे जोडून पुढे केले, तीर्थ घेतात तसे. गाळ हातात आला. गार होता. वास शेणसड्यावर पडलेल्या पहिल्या पावसासारखा, वाईट नव्हे. आणि मग त्यांच्या तळहातावर काहीतरी हललं. दिसलं नाही. नुसतं हललं.



“बाबा… यात कोणी आहे?”

“घरी जाऊन पाहा.”

मडकं भरलं. बाबांनी सांगितलं ते थोडंच होतं. पेटीतलं अर्धं पाणी जुनंच राहू द्यायचं. तळाशी हा गाळ, वर धुतलेली वाळू, गवत त्यात रोवायचं. पेटीवर सकाळचं कवडसाभर ऊन यायला हवं. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी काढायचं आणि मडक्यात निवलेलं तेवढंच घालायचं. पिवळ्याला खाणं चिमूटभर नाही, अर्धी चिमूट.

“आणि बाकीचे मासे?”

“नाही.”

“कधीपर्यंत?”

“कोजागरीपर्यंत.”

“म्हणजे दीड महिना! तोवर सासूबाईंनी पाहायचं काय?”

“जे दिसन ते.”

“आणि मी करायचं काय?”

बाबांनी हात तलावात बुडवून धुतला. “चातुर्मासात काय सोडलं हाये, माय?”

“कांदा, लसूण, वांगं.”

“आनखी एक सोडा.”

“काय?”

“घासनं.”

*

कालिंदीबाईंनी आयुष्यात बावीस व्रतं केली होती. सोळा सोमवार दोनदा झाले होते. निर्जळी एकादश्या झाल्या होत्या. पण हा वसा सगळ्यांत अवघड निघाला.

चौथ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. त्यांनी हात पदरात गुंडाळले. पंधराव्या दिवशी काचेवर तपकिरी साय धरली. त्यांनी घरातली बाकी सगळी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. पेटीला बोट लावलं नाही. बायकांच्या हातांना स्वस्थ बसवणं म्हणजे काय, ते जिचं तिलाच ठाऊक.

पेज पाच चमचे जायची. कधी तीन. सासूबाईंचा चेहरा भिंतीकडेच होता. रोज चमचा ओठांशी नेताना कालिंदीबाईंना वाटे, बाबांचं ऐकलं ते चुकलं तर? आज बाजारातून सहा मासे आणले तर? निदान आजचे घास तरी जातील…

त्या उठत. दारापर्यंत जात. परत येत.

नवरात्र बसलं. घट मांडताना परातीतल्या मातीत धान्य पेरलं, तेव्हा त्यांचा हात मध्येच थांबला. इतकी वर्षं त्या ही माती घालत आल्या होत्या. देवापुढे, सोवळ्यात. हिला कधी कोणी चिखल म्हटलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पेज घेऊन खोलीत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

सासूबाईंनी कूस बदलली होती.

कोणी बदलवली नव्हती. त्यांची त्यांनी.

पाणी केव्हा निवळलं होतं, ते कालिंदीबाईंच्या लक्षातही आलं नव्हतं. पिवळा मासा गवतापाशी स्थिर होता. सासूबाईंचा डावा हात पांघरुणाबाहेर आला होता आणि त्याचं एक बोट पेटीच्या खालच्या कोपऱ्याकडे होतं.

“काय हवंय? पाणी देऊ?”

बोट हललं नाही.

कालिंदीबाईंनी वाकून पेटीत पाहिलं. वरून. आजवर पाहत होत्या तसंच. गवत दिसलं, गाळ दिसला.

“काही नाही हो तिथे.”

बोट तसंच.

मग काय वाटलं कोण जाणे. त्यांनी पेजेची वाटी खाली ठेवली. पलंगाशी गुडघे टेकले. आणि आपलं डोकं सासूबाईंच्या उशीवर, त्यांच्या गालाशी टेकवलं. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली होती. इतक्या जवळ त्या कधी गेल्या नव्हत्या.

तिथून पेटी वेगळी होती.

खिडकीतलं ऊन आडवं आलं होतं. गवताच्या दर पात्यातून बुडबुड्यांच्या माळा सुटत होत्या. बारीक, मोत्यांहून बारीक, एकामागून एक, वर वर जाणाऱ्या. पान श्वास सोडतं आणि तो दिसतो… हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी मानलं नसतं. आणि त्या माळांच्या आड दोन डोळे होते. नुसते डोळे. मागे केसाएवढं अंग, काचेसारखं आरपार. ते थरथरलं, थांबलं, पुन्हा निघालं. त्यामागे आणखी एक. आणखी एक.

कालिंदीबाईंनी श्वास रोखला. आपल्या श्वासाने ते विझतील असं त्यांना वाटलं.

शेजारी सासूबाईंचं तोंड उघडलं होतं. आश्चर्याने की भुकेने, कळायला मार्ग नव्हता.

कालिंदीबाईंनी चाचपडत वाटी जवळ ओढली. डोकं उशीवरून न उचलता.

त्या दिवशी वाटी रिकामी झाली.

*

कोजागरीच्या दिवशी त्या तलावावर गेल्या. देवभाताच्या ओंब्या पिकल्या होत्या. सगुणा गुडघाभर गाळात उभी राहून टोपलीत ओंब्या झोडत होती. तिने लांबूनच हाक मारली, “काय वो बाई, काच चकाचक हाये ना?”

“चार बोटं शेवाळ आहे!” कालिंदीबाई म्हणाल्या. अगदी अभिमानाने.

त्या आंब्याखाली जमिनीवरच टेकल्या. पदर मातीत गेला, तो त्यांनी झटकला नाही.

“बाबा, ती पिल्लं मी आणली नव्हती. तुम्हीही दिली नव्हती. पेटीवर तर जाळी आहे. मग आली कुठून?”

बाबा हसले.

“किती हायेत?” त्यांनी विचारलं.

“मोजता येत नाहीत. सासूबाई बोट दाखवतात तेवढीच मला दिसतात.”

“जेवतेत?”

“दोन वाट्या. काल डाव्या हाताने चमचा धरायला बघत होत्या.”

त्यांनी वही काढली. सात नावं खोडलेली होती. प्लास्टिकची कमळं खोडलेली होती. पुढचं पान कोरं होतं. वर एकच ओळ आखलेली.

“बाजारातून आता काही आणत नाही. पण एवढं सांगा, या पिल्लांचं नाव काय लिहू? तुम्हाला तलावातला मासा न् मासा ठाऊक आहे.”

“पयले कोनं पाह्यलं?”

“सासूबाईंनी.”

“मंग त्याइलेच इचारा.”

“बाबा… त्यांना बोलता येत नाही.”

बाबांनी अर्धी चिमूट आपल्या पेटीत सोडली. मासोळ्या वर आल्या. पाणी हललं आणि पुन्हा निवांत झालं.

“इचारा त, माय… आन् जवाब येईपर्यंत काच पुसू नोका.”